लाकडी मणी : जव्हार-मोखाड्याहून आणलेला धडा

– ऊस विकास अधिकारी



ह्या पानावर आम्ही नेहमी बेणे, खोडवा, पाचट, ठिबक असल्या विषयांवर लिहितो. ह्या खेपेस विषय वेगळा आहे : लाकडाचे मणी आणि त्यांच्या माळा. ऊस विकास अधिकाऱ्याला मण्यांशी काय करायचंय, असं कोणी म्हणेल, आणि त्यात काही चूक नाही. पण ह्या मण्यांच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली आहे. ती सभासदांपुढे मांडल्याशिवाय पुढचं बोलणं बरं नव्हे.

गेल्या वर्षी आपल्या कार्यक्षेत्रातील एका गावच्या महिला बचत गटाने आम्हाला विचारलं, "साहेब, घरबसल्या काही उद्योग सांगा." आम्ही एका प्रदर्शनात लाकडी मण्यांचे दागिने पाहिले होते. दिसायला सुबक, भावही बरा. आम्ही उत्साहाने म्हणालो, "हेच करा, लाकूड तर बांधावरच आहे." बायकांनी बाभळीच्या आणि पेरूच्या छाटणीच्या फांद्या आणल्या, पंधरा दिवस कडक उन्हात टाकल्या, मणी पाडले, पॉलिश केलं आणि चाळीस माळा ओवल्या. गावच्या जत्रेत पंचवीस माळा खपल्या. सगळे खूष.

चैत्र लागला आणि माळा परत यायला लागल्या. मण्यांना उभ्या चिरा गेल्या होत्या. काही मण्यांना टाचणीएवढी भोकं पडून त्यातून पिवळसर भुकटी गळत होती. बायकांनी मुकाट्याने पैसे परत केले. गटाची वर्षाची शिल्लक त्यात गेली. त्या आम्हाला एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण आमच्या मनाला ते फार लागून राहिलं. सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही, ऐकणाऱ्याचं जातं. शेतीखात्याच्या पदविकेत लाकडाचा धडा नव्हता, ही सबब आम्ही स्वतःलाही सांगू शकलो नाही. म्हणून गळीत हंगाम आटोपल्यावर आम्ही चार दिवस रजा काढून जव्हार-मोखाड्याकडे गेलो. तिथल्या पाड्यांवरून बांबू, लाकूड आणि रानबियांच्या माळा करणाऱ्या बायका आहेत, असं आमच्या एका जुन्या सहाध्यायाने कळवलं होतं. तिथे जे पाहिलं ते पुढे देत आहोत.

आपल्याच गळ्यातली माळ

लाकडी मणी हा दागिना आपल्याला नवा नाही. आपल्या कितीतरी सभासदांच्या गळ्यात तो आहेच. तुळशीची माळ म्हणजे लाकडाचे मणीच की! पंढरपुरात काशीकापडी समाजाची घरं पिढ्यान् पिढ्या ह्याच कामावर आहेत. तुळशीची वाळलेली काडी घ्यायची, तुकडे करायचे, भोक पाडायचं, कातून गोल करायचं आणि ओवायचं. काम दिसायला सोपं आहे, पण ती माळ वारकऱ्याच्या घामात, पावसात आणि चंद्रभागेच्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकते. आपली चाळीस माळांची रास तीन महिन्यांत तडकली. ह्या दोहोंत फरक कशाचा, हाच आमचा प्रश्न होता.

मणी ही तशी माणसाची फार जुनी हौस. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बरीच वर्षे उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या वस्तीत दगडाचे आणि भाजलेल्या मातीचे मणी सापडले. लाकडाचे मणी त्या काळी कोणी घातले असतील तर ते मातीत कुजून गेले असणार. दगड टिकतो, लाकूड जपावं लागतं. ह्या धंद्यातली सगळी मेहनत त्या जपण्याचीच आहे.

त्र्यंबकहून पुढे

नाशिकहून त्र्यंबक, पुढे तोरंगणचा घाट उतरून मोखाडा आणि मग जव्हार. नाशिकपासून जव्हार सुमारे ऐंशी किलोमीटर. आपल्याकडचा हिरवा ऊस मागे राहतो आणि उतरणीची लाल मुरमाड जमीन, नागली-वरईचे माळ आणि खाचरातला भात सुरू होतो. पाऊस आपल्या कितीतरी पट, पण तो सगळा चार महिन्यांत येतो आणि उतारावरून वाहून जातो. फाल्गुन-चैत्रात बायका हंडे घेऊन दरीत उतरताना दिसतात. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशी इथली वस्ती. पूर्वी हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर हा वेगळा जिल्हा झाला.

जव्हार हे जुनं संस्थान, मुकणे घराण्याचं. १३४३ साली त्याची स्थापना झाल्याचं सांगतात. मूळपुरुष जयबा मुकणे याची एक गोष्ट तिकडे सर्वांच्या तोंडी आहे. त्याने वारल्यांच्या नायकाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नायक हो म्हणाला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, एकीला दुसरी जोडली आणि त्यांनी मोठा मुलूख वेढून घेतला! गोष्ट खरी असो वा नसो, वारल्याच्या तोंडून ऐकताना ती हसून सांगितली जाते खरी, पण हसू पुरतं ओठावर येत नाही.

ह्या मुलखाचं दुःख आपल्याला अगदीच अनोळखी नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागातले कुपोषणाचे बालमृत्यू साऱ्या महाराष्ट्राने वर्तमानपत्रांतून वाचले होते. शेती एका पावसाची. भात-नागली घरात आली की दिवाळीनंतर पाडेच्या पाडे रिकामे होतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्या, बांधकामं, रेती. नवरा-बायको, पोरं, कोंबड्या, सगळं बिऱ्हाड टेम्पोत. पोरांची शाळा अर्ध्यातून सुटते. आपल्या उसाच्या फडात कोयता घेऊन येणारी माणसं आपण दरसाल पाहतो. कोपीत बांधलेला पाळणाही पाहतो. तेव्हा अधिक सांगायला नको.

पाड्यावरचं काम

आम्ही गेलो तो पाडा मोखाडा तालुक्यातला. गटात अकरा बायका. त्यांत एक साठीच्या पुढची आजी. हातकाम तिचं आणि हिशेब तिच्या बारावी झालेल्या सुनेचा. शेणाने सारवलेल्या पडवीत एक गिरमिट, दोन बारीक दात्यांच्या करवती, पॉलिश पेपर आणि लहान मोटारीवरचं एक लेथ. एवढाच कारखाना.

आम्ही पिशवीतून आपल्या तडकलेल्या माळा काढल्या. आजीने एक मणी चिमटीत धरला, भोकाकडून पाहिला आणि विचारलं, "फांदी कधी तोडलेली?"

"वैशाखात."

"आणि वाळवली कुठं?"

"उन्हात. पत्र्यावर."

आजी हसली. सुनेने कारणं समजावून सांगितली, ती आम्ही आमच्या भाषेत मांडतो.

ओल्या लाकडात पाणी भरपूर असतं. ते जाताना लाकूड आक्रसतं, पण सगळीकडून सारखं नाही. गाभ्यापासून सालीच्या दिशेने ते कमी आक्रसतं. वलयाच्या अंगाने, म्हणजे गोलाईत, साधारण दुपटीने आक्रसतं. त्या ओढाताणीत लाकूड उभं फाटतं. उन्हात टाकलं की बाहेरचा भाग झपाट्याने वाळतो, आतला ओलाच राहतो, मग तडा ठरलेलाच. शिवाय फांदीची दोन्ही टोकं सर्वांत आधी वाळतात, म्हणून तडा टोकाकडून सुरू होतो. त्यावर ह्या बायका टोकांना शेणमातीचा किंवा मेणाचा लेप देतात, काड्या घरात आढ्याखाली सावलीला ठेवतात आणि वारा खेळू देतात.

तोडीचा काळही महत्त्वाचा. मार्गशीर्ष-पौषात, झाड सुस्त असताना आणि हवा थंड असताना तोड करायची. आपण उसाची परिपक्वता पाहूनच तोड देतो, तसंच हे. पिवळी भुकटी पाडणारा भुंगा लाकडातल्या पिठूळ अंशावर, म्हणजे स्टार्चवर जगतो. तो सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात जास्त असतो. म्हणून बाभळीसारख्या झाडाचं आतलं तांबूस लाकूड घ्यायचं आणि पांढरं चुलीत घालायचं. बारीक काड्या आणि बांबूचे तुकडे तोडल्यावर दोन-तीन आठवडे ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचे. पिठूळ अंश बराचसा पाण्याबरोबर जातो, मग भुंग्याला गोडी राहत नाही. बांबूच्या मोठ्या कारखान्यांत ह्यासाठी बोरिक पावडर आणि टाकणखाराचं द्रावण वापरतात. पण माळ अंगाला लागणार आणि तान्ह्या पोराच्या तोंडातही जाणार, म्हणून ह्या बायका पाण्यावरच भागवतात. आम्हाला ते पटलं.

आता वाळलं हे ओळखायचं कसं? इथे आम्ही थक्क झालो. सुनेने किराणा दुकानातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा पुढे ठेवला. जुडीवर खडूने तारीख आणि वजन. दर आठवड्याला वजन. वजन उतरत जातं आणि एक दिवस उतरायचं थांबतं. दोन आठवडे वजन तेच राहिलं की काडी तयार. बोटाएवढ्या जाडीला सावलीत दोन-अडीच महिने, अंगठ्याहून जाड असेल तर त्याहून बरेच जास्त. उसाच्या वजनकाट्यावर आपण एवढी वर्षं भांडलो, तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं हे आपल्या पोरालाही कळतं, आणि फांदी काट्यावर ठेवायचं काही आम्हाला सुचलं नाही!

आधी भोक, मग आकार

दुसरी चूक आम्हाला माहीतच नव्हती. आपल्या बायकांनी आधी मणी घोटून गोल केले आणि मग भोक पाडलं. भोक बाजूला गेलं, मणी एकीकडे जड झाला आणि माळेत वाकडा बसू लागला. आजी आधी तुकड्याला आरपार भोक पाडते, ते तुकडे सळईवर घट्ट ओवते आणि मग लेथवर कातते. भोक मध्यावर आहे असं धरून आकार त्याच्याभोवती आपोआप येतो.

ह्यात आणखी एक मर्म आहे. बारीक फांदीच्या मधोमध गाभा असतो. गाभ्याभोवतीच सर्वांत जास्त ओढाताण होते. भोक बरोबर गाभ्यातून गेलं तर तो निघून जातो आणि लाकडाला आक्रसायला आतून जागा मिळते. म्हणून फांदीच्या मण्याचं भोक दोरा ओवण्यापुरतं नाही, ते मणी वाचवण्यासाठीही आहे. गाभा सोडून बाजूने भोक पाडलेला मणी आज ना उद्या तडकतो. आमच्या पिशवीतले तडकलेले मणी एकेक करून पाहिले. बहुतेकांत गाभा तसाच होता.

लाकूड किती लागतं त्याचा हिशेब करू. आठ मिलिमीटरचे १०८ मणी म्हणजे ८६४ मिलिमीटर. प्रत्येक कापाला करवतीत एक मिलिमीटर जातो असं धरलं तर ९७२ मिलिमीटर. म्हणजे एक मीटरहून कमी लांबीची काडी एका माळेला पुरते. मोडतोडीसाठी थोडी वर धरा. ह्यासाठी झाड पाडायची गरज नाही, छाटणीची फांदी पुरते. आपण जी काटकी बांधावर पेटवून देतो, तिच्यात गावाच्या साऱ्या बायकांच्या माळा आहेत.

रंग आणि तेल

लाकडाचा स्वतःचा रंग सर्वांत चांगला, असं त्या गटाचं मत. हळदू पिवळसर, बाभूळ तांबूस, कुडा पांढरा. काळा कुडा हे झाड त्या रानात भरपूर. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची प्रसिद्ध लाकडी खेळणी ह्याच झाडाच्या लाकडावर, लेथवर फिरताना लाखेचा रंग चढवून करतात. आपल्या सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांनाही मोठं नाव आहे.

रंग द्यायचाच तर खैराच्या काथाने तपकिरी येतो. हळदीचा पिवळा सुरेख दिसतो, पण उन्हात उडतो, म्हणून गिऱ्हाईकाला आधीच सांगावं. काळ्या रंगाची कृती ऐकून आम्ही चटकन मान डोलावली. हिरड्याच्या काढ्यात मणी भिजवायचे आणि नंतर हिराकशीच्या पातळ पाण्यात. काही वेळात शिसवासारखे काळे. खोडव्याची पानं पांढरी पडली की आपण जी हिराकस फवारतो, तीच ही! हिरड्यातल्या तुरट अंशाशी लोखंडाचं मीलन झालं की काळा रंग धरतो. मात्र मणी नंतर स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन सावलीत वाळवावेत, नाहीतर पांढऱ्या सदऱ्याची गळपट्टी काळी होईल.

शेवटी तेल. आपल्या गटाने शेंगदाण्याचं तेल लावलं होतं. ते वाळत नाही, चिकट राहतं, त्यावर धूळ बसते आणि खवट वास येतो. जवसाचं किंवा करडईचं तेल हवेत हळूहळू सुकून पापुद्रा धरतं. एक पातळ हात, दोन दिवस विश्रांती, पुन्हा एक हात आणि मग सुती फडक्याने थोडं मेण घासायचं. तेलाची चिंधी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवावी किंवा पाण्यात टाकावी.

देवाने भोक पाडलेला मणी

आता मुख्य गोष्ट. आम्ही आजीला विचारलं, "लाकूड वाळायला तीन महिने, मग माळ, मग विक्री. तोवर खाता काय?" ती म्हणाली, "लाकूड थांबतं बाबा, पोट नाय थांबत." आणि उठून तिने आतून सूप आणलं. सुपात राखी-पांढरे, चकचकीत, अश्रूच्या आकाराचे दाणे होते : कसई. कोणी त्याला रानजोंधळाही म्हणतात. ओढ्याच्या काठी उगवणारं हे गवत, ज्वारी-मक्याच्या आणि आपल्या उसाच्याही भाऊबंदातलं. पावसाळा सरला की दाणे पिकतात. कवच दगडासारखं टणक आणि मधून आरपार भोक निसर्गानेच ठेवलेलं. आतला देठ ओढला की दोरा ओवायला मोकळं. ह्याला ना वाळवणीचे महिने, ना गिरमिट, ना लेथ. वैजयंती माळ म्हणून विकतात ती पुष्कळदा ह्याच दाण्यांची.

पहिल्या वर्षी ह्या गटाने लाकूड तोडून आढ्याला टांगून ठेवलं आणि विक्री केली ती कसईच्या आणि बांबूच्या मण्यांची. दुसऱ्या वर्षी वाळलेलं लाकूड हाताशी आलं. आपण आडसाली लागणीत सरीच्या बगलेत सोयाबीन, कांदा घेतो तो कशासाठी? ऊस अठरा महिन्यांनी पैसे देणार, तोवर घर चालावं म्हणून. ह्या बायकांनी मण्यांत आंतरपीक घेतलं. आम्ही आमच्या गटाला नेमकं हेच शिकवायला विसरलो. आयुष्यभर आंतरपिकाची भाषणं देऊनही!

एक धोक्याची सूचना. लाल-काळी गुंज माळेला फार शोभते. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा ह्या मापाने सोनाराच्या तराजूतही ती मानाने बसली. पण गुंजेच्या आत जहाल विष आहे. अखंड कवच असेपर्यंत ते बाहेर येत नाही. भोक पाडलं की कवच फुटलं, आणि पोराने तोंडात घालून चावली तर जिवावर बेतू शकतं. तो गट गुंज वापरत नाही. आपणही वापरू नये. तसंच कण्हेरीचं लाकूड विषारी, त्याचे मणी करू नयेत. लेथवर बसताना पदर खोचावा, केस बांधावेत आणि तोंडाला फडकं बांधावं. लाकडाची भुकटी वर्षानुवर्षं छातीत जाणं फार वाईट.

लाकूड कोणाचं?

हा प्रश्न सभासद विचारणारच. रानातलं झाड तोडून मणी करायचे नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर हक्क मिळतो. त्यात बांबू आणि बिया येतात, इमारती लाकूड येत नाही. म्हणून तो गट बांबू आणि कसई रानातून आणतो आणि लाकूड स्वतःच्या बांधावरून व वाडीतून. वाडी म्हणजे आंबा-काजूची लहान बाग. उरुळीकांचनच्या 'बाएफ'चं नाव आपल्याला संकरित गायींमुळे ठाऊक आहे. त्याच संस्थेने जव्हार भागात ह्या वाड्या उभ्या करण्याचं मोठं काम केलं. त्या वाडीच्या छाटणीतूनही काड्या मिळतात.

आपल्याकडेही १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याप्रमाणे साग, खैर, आंबा, चिंच, जांभूळ, हळदू अशी झाडं स्वतःच्या मालकीची असली तरी परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. तेव्हा छाटणीच्या फांदीवरच थांबावं. आपल्या बांधावर मण्याजोगी काडी पुष्कळ आहे : पेरू, लिंबू, बोर, बाभूळ आणि तुळस. पेरूचं आणि लिंबाचं लाकूड घट्ट दाण्याचं असल्याने कातायला गुळगुळीत येतं. शेवगा फुसका, तो नको.

उचल

निघताना सुनेने वही दाखवली. एका पानावर अकरा नावं. त्यातली सहा कुटुंबं पूर्वी दर दिवाळीला वीटभट्टीवर जात. मालकाकडून पावसाळ्यातच उचल घ्यायची, ती घरात खर्ची पडायची आणि मग सहा महिने ती फेडायला जायचं. गेल्या हंगामात त्यांपैकी चार कुटुंबं पाड्यावरच राहिली. पोरं शाळेत राहिली. दोन कुटुंबं मात्र गेली. कारण काय? माळांची मागणी आली ती दिवाळीनंतर, आणि त्यांनी उचल घेतली होती श्रावणात.

हे ऐकून आम्ही गप्प झालो. मणी चांगला आहे, हात चांगला आहे, लाकूड वाळलेलं आहे. पण पैसा चार महिने उशिरा आला, आणि दोन घरांची पोरं वर्षभर शाळेला मुकली. ज्याला थांबता येतं त्याच्या मालाला भाव, ज्याला थांबता येत नाही त्याने मिळेल त्या भावाला विकायचं, हे आपल्या वाडवडिलांनी गुळाच्या अडत्याच्या दारात भोगलं आहे. त्यातूनच प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नाने सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५० पासून महाराष्ट्राला ती वाट मिळाली. सहकाराने उसाला गोडी दिली नाही, ती उसात होतीच. सहकाराने शेतकऱ्याला थांबण्याची ऐपत दिली. त्या पडवीतल्या अकरा बायकांना नेमकी तेवढीच गोष्ट हवी आहे.

आमची सूचना

तेव्हा सभासदांपुढे आणि मा. संचालक मंडळापुढे आम्ही पुढील गोष्टी नम्रपणे मांडत आहोत.

एक. बॉयलर अग्निप्रदीपन, मोळीपूजन आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ह्या प्रसंगी आपण पाहुण्यांना फुलांचे हार घालतो. तासाभरात ते खुर्चीवर पडलेले असतात. त्याऐवजी लाकडी किंवा कसईची माळ घालावी. तिची मागणी आषाढात नोंदवावी आणि निम्मी रक्कम श्रावणातच आगाऊ द्यावी. निम्मी मागणी मोखाड्याच्या गटाला, निम्मी आपल्या गटाला. आकडा मोठा नसेल, पण श्रावणात हातात पडलेला एक रुपया दिवाळीनंतरच्या दोन रुपयांहून मोठा असतो.

दोन. आपल्या गटाने लगेच लेथ घेऊ नये. पहिलं वर्ष काड्या वाळवण्याचं. ज्या सभासदांच्या बांधावर पेरू, लिंबू, बोर, बाभळीची छाटणी मार्गशीर्ष-पौषात होईल, त्यांनी बोटाएवढ्या सरळ काड्या पेटवून न देता हातभर लांबीच्या जुड्या बांधून आपल्या गट ऑफिसात द्याव्यात. टोकांना शेणमाती लावायला विसरू नये. प्रत्येक जुडीवर तारीख आणि वजन लिहिण्याचं काम आमच्या विभागाकडे राहील.

तीन. ओढ्याकाठी कसई दिसली तर तणनाशक मारण्याआधी आम्हाला कळवावं. ती बायकांच्या पहिल्या वर्षाची कमाई आहे.

चार. माळ ओवायला साधं सूत वापरू नये, ते घामाने कुजतं. पटवेकरी जसं मण्यामण्यामध्ये गाठ देऊन गाठवतो तसं गाठवावं. एक गाठ तुटली तरी सारे मणी घरंगळत नाहीत.

आमच्या चुकीने ज्या गटाची शिल्लक गेली, त्या बायकांकडे आम्ही परत आलो तेव्हा संकोच वाटत होता. तडकलेल्या माळा आणि आजीने दिलेली कसईची माळ दोन्ही पुढे ठेवल्या आणि जे शिकलो ते सांगितलं. सगळ्यांत वयस्कर बाईंनी कसईचा दाणा दाताखाली दाबून पाहिला, तो फुटेना. मग म्हणाल्या, "साहेब, आपल्या मळ्याच्या ओढ्याला हे गवत आहे की! आम्ही ते म्हशीला घालतो."

सध्या त्या गटाच्या अध्यक्षांच्या पडवीत आढ्याला सतरा जुड्या टांगलेल्या आहेत. प्रत्येकीवर खडूने तारीख आहे. दर सोमवारी आमचे गट ओव्हरसियर काटा घेऊन जातात. वजन अजून उतरत आहे. ते थांबलं की ह्याच पानावर कळवू.